ती ओळ तुझी नव्हती

देवा,

हे सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं की टाळण्याचीच सवय होऊन गेली. तुझ्यासमोर टाळलं, तुझ्या बायकोसमोर, शांतासमोर टाळलं, घरी माझ्या कुसुमलाही कधी बोललो नाही. तू गेल्यावर कॉलेजच्या जुन्या पोरांनी तुझ्यावर लिहून मागितलं, तेव्हा मी आधी तुझ्या हुशारीबद्दल, साध्या स्वभावाबद्दल एक पानभर मजकूर लिहिला. वाचून पाहिलं तर तो कोणाबद्दलही चालला असता. फाडून टाकला. तुझा जन्म, शिक्षण, मागे कोण कोण आहे, ते बाकीचे लिहितील. मला एका ओळीबद्दल लिहायचं आहे. चाड्यातल्या त्या ओळीबद्दल. कोणती, ते तुला लगेच कळेल. इतरांसाठी मात्र थोडं आधीपासून सांगावं लागेल, तोवर तू ऐकत बस. मध्येच तोंड घालायची तुझी सवय आज माझ्या सोयीची असती, पण ते राहू दे.

तू माझ्या वर्गात होतास तेव्हा तासाला एकही प्रश्न विचारायचा नाहीस. तास संपला की माझ्या स्कूटरपाशी उभा राहायचास, सीटवर हात ठेवून, म्हणजे मला निघता येऊ नये. मग एकेक शंका. मी घड्याळ पाहायचो आणि तू म्हणायचास, "जा सर, जा, बाकीचं उद्या." आणि हात काढायचा नाहीस. पुढे तू स्वतः शिकवायला लागलास, उमरखेडच्या कॉलेजात, तासिका तत्त्वावर. दर उन्हाळ्यात घरी बसायचं आणि पावसाळ्यात पुन्हा नेमणुकीची वाट पाहायची. मी इकडे यवतमाळला कायम नोकरीत, निवृत्तीच्या जवळ आलेला. संगणकाच्या मेमरीवर बोलणारा मास्तर म्हणून माझं नाव होतं. "संगणकाकडून घेतलेली जागा वापरून झाली की परत करा," हे माझं वाक्य पोरं माझ्या आवाजाची नक्कल करत म्हणायची. तू सगळ्यात चांगली करायचास.

एका शनिवारी तू आलास आणि चप्पल काढायच्या आधी बोलायला लागलास. पांढरकवड्याकडची एक मुलगी तुझ्या वर्गात होती. महिन्यामहिन्याच्या पावसाच्या आकड्यांतून सगळ्यात कोरडा महिना कसा शोधायचा, हे तिनं फळ्यावर पायरी पायरीनं समजावून दिलं होतं. तेच संगणकावर लिहायला बसवलं, एक इंग्रजी शब्द चुकला, पडद्यावर इंग्रजीत तक्रार आली, आणि ती मांडीवर हात ठेवून बसून राहिली.

"सर, त्या पोरीले प्रोग्रामिंग येते. इंग्रजी येत नाही," तू म्हणालास. "आपण दोन्ही एकच समजून राह्यलो."

त्या वाक्यातून आपला कंपायलर सुरू झाला. पोरांनी मराठीत प्रोग्राम लिहायचा, 'जर' आणि 'जोवर' असे आपलेच शब्द वापरून, आणि आपल्या कंपायलरनं तो संगणकाला कळतील अशा हुकमांत बदलून द्यायचा. नावावरून आपण पंधरवडाभर भांडलो. तुला 'लदेणी' हवं होतं. तुझे वाडवडील बैलांच्या पाठीवर माल लादून एका मुलखातून दुसऱ्या मुलखात न्यायचे, कंपायलरही तेच करतो, असं तुझं म्हणणं. मी नेरकडच्या शेतकऱ्याचा पोरगा, मी 'चाडं' धरून बसलो. पेरताना ज्या लाकडी वाटीत मुठीनं बी सोडतात ते चाडं. वरून एकत्र पडतं, खाली ओळीनं उगवतं. शेवटी तूच सोडून दिलंस. म्हणालास, "ठीक आहे. शेत तुमचं, चाडं तुमचं. बैल मात्र माहे." आणि खरंच, कामाची जड बाजू तूच ओढलीस.

तुझ्या तांड्यावर नेट नव्हतं म्हटलं तरी चालेल. म्हणून आपली ती पद्धत. तू लिहिलेलं पेन ड्राइव्हवर घ्यायचास, पेन ड्राइव्ह चुन्याच्या रिकाम्या डबीत घालायचास आणि उमरखेडच्या स्टँडवर यवतमाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे द्यायचास. इकडे मी स्टँडवर जाऊन डबी घ्यायचो. एकदा एका कंडक्टरनं तंबाखू मळताना डबी उघडली. माझ्या हातात देताना त्याची तक्रार होती, "गुरुजी, डबी चुन्याची अन् आत चुना नाही, हे काही बरोबर नाही." तुला फोनवर सांगितलं तर तू पुढच्या वेळी कंडक्टरसाठी वेगळी, भरलेली डबी पाठवलीस.

घरी आलो की मी तुझं काम नेटवरच्या आपल्या सामायिक कोडमध्ये चढवायचो. कोणताही बदल चढवला की त्याच्यासोबत नाव लागतं, कोणी केला ते, आणि काय केलं याचं एखादं वाक्य. तुझं नाव मीच टाकायचो. माझ्या कामाला माझं. तुझा माझ्यावर एवढा विश्वास होता की तू कधी तपासलंही नाहीस. तपासायला तुझ्याकडे नेट कुठे होतं.

आता ती ओळ.

पोराच्या प्रोग्राममधली नावं, म्हणजे त्यानं 'पाऊस' म्हणून काही ठेवलं, 'महिना' म्हणून काही ठेवलं, ती चाडं एका तक्त्यात जमा करायचं. लॅबमधली मशीन जुनी, मेमरी थोडी. म्हणून तू तक्त्यात नाव उतरवून घेत नव्हतास. मूळ मजकुरात, म्हणजे पोरानं लिहिलेल्या प्रोग्राममध्ये, ते नाव कुठे आहे, एवढी खूणच ठेवायचास. काम संपेपर्यंत मजकूर जागेवर राहणार हे तू धरून चालला होतास, आणि त्यात काहीच चूक नव्हती. मी ते वाचलं होतं, तुला शाबासकीही दिली होती. आणि विसरलो.

पुण्याच्या एका संस्थेची माणसं आपलं चाडं पाहायला यायची होती. आवडलं तर बऱ्याच शाळांत जाणार होतं, आणि ते सांभाळायला त्यांना एक पूर्ण वेळचा माणूस हवा होता. तो माणूस तू, हे जवळपास ठरल्यासारखं होतं. त्यांनी तुझ्याशी फोनवर बोलणंही केलं होतं. त्या वर्षी पहिल्यांदाच शांतानं पुढच्या उन्हाळ्याबद्दल आनंदानं काही ठरवलेलं मी ऐकलं.

ते येण्याच्या आदल्या दिवशी तुझी डबी यायची होती. गाडी आर्णीजवळ बंद पडली म्हणून उशीर झाला. मी घरी बसून कोड चाळत होतो आणि माझ्यातला मास्तर जागा झाला. मजकूर वाचून झाल्यावरही चाडं तो धरून बसतं, जागा परत करत नाही. माझ्या जन्मभराच्या शिकवणीविरुद्ध. मी एक ओळ घातली. वाचून झालं की मजकूर टाकून द्या. दोन-तीन छोटे प्रोग्राम चालवून पाहिले, चालले. मग डबी आली. तुझ्या फाइली घेतल्या, माझी ओळ त्यातच होती, आणि दोन वेगळे बदल करायचा कंटाळा आला म्हणून मी सगळं एकदमच चढवलं. तुझ्या नावानं. चहा निवेपर्यंतचं काम होतं वेगळं करायचं. तेवढंही केलं नाही. त्यात कपट नव्हतं, देवा, एवढं तरी मान. कपट दुसऱ्या दिवशी आलं.

त्या दिवशी तू नवा शर्ट घातला होतास आणि घडीची रेघ अजून गेली नव्हती. पाहुणे चांगले होते. पोरांनी छोटे प्रोग्राम चालवून दाखवले, टाळ्या झाल्या. मग त्यांच्यातल्या एका तरुणानं स्वतः लिहून आणलेला मोठा प्रोग्राम दिला, सगळ्या तालुक्यांच्या पावसाचा. चाडं थोडं चाललं, मग पडद्यावर आलं, हे नाव सापडत नाही, आणि नावाच्या जागी चौकोन, प्रश्नचिन्हं, कचरा. आणि बंद पडलं. पुन्हा चालवलं, पुन्हा तेच, कचरा वेगळा. तो तरुण कामाचा होता. थोड्याच वेळात त्यानं मजकूर टाकून देणारी ती ओळ शोधली आणि ती कोणी घातली ते दाखवणारी कमांड दिली. त्या कमांडचं इंग्रजी नावच 'ब्लेम', म्हणजे दोष, असं आहे. ओळीच्या डाव्या बाजूला तुझं नाव आलं.

तू पडद्याकडे पाहिलंस. मग माझ्याकडे. मी प्रोजेक्टरची वायर कोपरावर गुंडाळत होतो. कार्यक्रम संपला नव्हता आणि मी वायर गुंडाळत होतो.

त्यांच्या प्रमुख बाई अगदी सौम्यपणे बोलल्या. "सरांच्या हाताखाली तयार झालेल्या माणसाकडून मेमरीची अशी चूक व्हायला नको होती." त्या वाक्यात मला मान होता. तो मान घेऊन मी, कौतुक झाल्यावर माणसं जशी खाली पाहतात, तसा खाली पाहून हसलो. तेव्हा तोंड उघडलं असतं तर थोडा वेळ माझी फजिती झाली असती, आणि तुझी नोकरी राहिली असती. मी ते तेव्हाच जाणून होतो. नंतर सुचलं असं नाही.

पुढच्या रविवारी मी तुझ्या तांड्यावर आलो. वेचणी संपत आली होती, समोरच्या खोलीत खिडकीपर्यंत कापूस भरलेला, आणि तुझं टेबल त्या कापसात रुतलेलं. एका खुर्चीवर तू, मी कापसावर. काही बोलायच्या आधी तू म्हणालास, "सर, गेलं ते गेलं. पण बग आपल्या घरात राहून राह्यला, त्याले आधी काढू."

तुझी आई, याडी, चहा घेऊन आली आणि दोघं मिळून काय शोधताय म्हणून तिनं विचारलं. तू तिला गोरबोलीत, तुमच्या बंजारा बोलीत, समजावलंस आणि मला तेच आपल्या भाषेत सांगत गेलास. धरणाच्या पाण्याखाली तुमचा जुना तांडा गेला, सगळे इकडे येऊन बसले, तरी कितीक वर्षं लग्नाच्या पत्रिका जुन्याच पत्त्यावर येत होत्या. पत्ता बरोबर लिहिलेला, अक्षर सुंदर, पण त्या जागी आता पाणी. कोडमध्येही तसंच झालंय, तू म्हणालास. नावाचा पत्ता तक्त्यात आहे, पण नाव जिथे होतं ते गावच कोणीतरी उठवलंय. पुस्तकात ह्याला डँगलिंग रेफरन्स म्हणतात. आणि कधी कधी चालतं का? तर गाव उठलं तरी भिंती काही दिवस उभ्या असतात म्हणून. नंतर तिथे कोणी मासे धरणारा येऊन बसला की पत्रिका त्याच्या हातात पडते, अन् तो ती आपलीच समजून फोडतो.

मी आयुष्यभर हे शिकवलं, पण इतकं नीट कधी सांगता आलं नाही. याडीनं ऐकून घेतलं आणि एक वाक्य बोलली. तू हसलास.

"याडी म्हणते, ज्यानं गाव उठवलं त्यानंच सगळ्यायले सांगावं लागत होतं."

मी कप तोंडाला लावला. चहा फार गरम होता.

मग तू ते ठ-चं केलंस. ते आठवलं की मला आजही हसू येतं. बग केव्हा तोंड दाखवेल आणि केव्हा नाही याचा भरवसा नव्हता, म्हणून तू चाड्याला सांगितलंस की मजकूर टाकून द्यायच्या आधी तो सगळा ठ-नं भरून टाक. म्हणजे मेलेल्या मजकुरातून कोणी नाव उचलायला गेलं तर लगेच सापडेल. प्रोग्राम चालवला आणि पडद्यावर आलं, ठठठठ हे नाव सापडत नाही. छोटा चालवला, तरी ठठठठ. मी पाहुणे यायच्या आदल्या दिवशी 'चालले' म्हणून सोडून दिलेले सगळे प्रोग्राम ठठठ करायला लागले. तू खुर्चीतून मागे रेललास, कापसात पडलास आणि तिथूनच म्हणालास, "पाहा सर, सगळं गाव ठेंगा दाखवून राह्यलं." तुझ्या केसांत कापूस, शांता दारात उभी राहून हसत होती. आठवड्याभरापूर्वी तुझ्या हातून नोकरी गेली होती, आणि तू हसत होतास.

त्यानंतर तू त्या ओळीवर बोट ठेवलंस.

"सर, ही ओळ माही नाही वाटत."

"तुझ्याच पेन ड्राइव्हवरून आली," मी म्हणालो.

तू माझ्याकडे पाहिलं नाहीस. पडद्याकडे पाहतच म्हणालास, "असन."

एवढंच. भांडण नाही, शंका नाही. असन. हा शब्द मी तेव्हापासून सोबत घेऊन फिरतो.

दुरुस्तीवरून मात्र आपण भांडलो, म्हणजे मी भांडलो. मला ती ओळ पुसून टाकायची घाई होती. तू म्हणालास, ओळ पुसली तर उद्या दुसरा कोणी शहाणा तीच पुन्हा घालील. नाव ज्यानं सांभाळायचं त्याच्याच घरात ते असलं पाहिजे, दुसऱ्याच्या भरवशावर नको. तक्त्यातच प्रत्येक नाव पूर्ण उतरवून घ्यायचं. जुन्या मशीनला थोडं ओझं होईल, होऊ द्या. दिवसभर बसून तू ते केलंस. एकेक खूण शोधून काढायची, तिच्या जागी खरं नाव ठेवायचं, पुन्हा ठ-ची परीक्षा. संध्याकाळी उन्हं कापसावर आली तेव्हा पावसाचा तो मोठा प्रोग्राम पहिल्यापासून शेवटपर्यंत चालला. माझी ओळही तू तशीच राहू दिलीस. आता तिच्यामुळे काही बिघडत नव्हतं. "ओळ तशी बरोबर आहे सर," तू म्हणालास. "तिनं फक्त विचारलं नाही कोणाले."

बदलासोबत लिहायचं वाक्य तू सांगितलंस आणि मी टाइप केलं. 'नावं आता तक्ता स्वतः सांभाळेल. मजकूर आधीच टाकून दिल्यामुळे नावांचे संदर्भ लोंबकळत होते. चूक माझी.' आणि खाली तुझं नाव. परतीच्या गाडीत महागाव गेलं, आर्णी गेली, डबी माझ्या खिशात. 'चूक माझी' हे दोन शब्द पुसायला अख्खा रस्ता होता. घरी येऊन मी ते जसंच्या तसं चढवलं.

पुण्याहून बोलावणं आलं नाही. तू तीच तासिकेची नोकरी काही वर्षं केलीस, मग सोडून उमरखेडला स्टँडजवळ स्वतःचे वर्ग काढलेस, जोडीला शेती. चाडं आपण बंद केलं नाही. थोड्याच शाळांत गेलं, पण गेलं.

आणि मग तुझं ते शनिवारी येणं. त्या रविवारनंतर तू चुन्याची डबी कधीच पाठवली नाहीस. स्वतः येऊ लागलास, एवढ्या लांबून, कधी गाडीत उभ्यानंही. मी म्हटलं, कशाला त्रास घेतोस, तर म्हणालास, वहिनींच्या हातचा चहा गाडीनं पाठवता येत नाही. बदल चढवताना तू माझ्या शेजारी बसायचास. मी नावाच्या जागी आलो की कुसुमला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचास, "नाव पाहून टाका हं सर." ती हसायची, तिला वाटायचं आपली काही थट्टा आहे. मीही हसायचो.

एकदा तुझ्याच एका चुकीमुळे चाडं अडकलं. तू कपाळावर हात मारलास आणि म्हणालास, "हे मात्र माही आहे. हे माह्या नावानं टाका." मात्र. त्या दिवशी मला पक्कं कळलं की तुला सगळं माहीत आहे. तू पुढे काही बोलला नाहीस, भजी मागितलीस.

खरं सांगू का, त्या शनिवारांनी माझं म्हातारपण तारलं. निवृत्त मास्तरला कोण विचारतं? मला दर आठवड्याला एक माणूस येऊन माझ्याशी भांडायचा. माझ्या खोटेपणानं तुझी नोकरी गेली, आणि त्याच खोटेपणामुळे तू दर शनिवारी माझ्या घरी आलास. हा हिशेब मला कधी मांडता आला नाही. उपकार मानायला गेलो की लाज वाटते, लाज धरून बसलो की तुझं ते हसणं आठवतं.

आपलं मोठं भांडण राहूनच गेलं. पोरांची चूक झाली की चाड्यानं कोणत्या भाषेत सांगायचं? माझं वाक्य होतं, 'अपरिचित नाव.' तुझं होतं, 'हे नाव मले कुठंच सापडून नाही राह्यलं.' मी म्हणायचो, कंपायलरनं शुद्ध बोलावं. तू म्हणायचास, "शुद्ध ऐकलं की पोरगं हात मांडीवर ठेवते. आपल्या बोलीत सांगतलं त ते भांडाले उठते. मले भांडणारं पाह्यजे." शेवटी आपण दोन्ही ठेवलं, एक बटन दिलं. पोरं सगळी बोलीचंच बटन दाबतात. हे मी तुझ्यासमोर कधी कबूल केलं नाही, आता करतो.

दवाखान्यात तुला भेटायला आलो तो दिवस. घरून निघतानाच मी वाक्य जुळवलं होतं, 'देवीदास, मला तुझ्याजवळ एक गोष्ट कबूल करायची आहे.' रिक्षात मनाशी म्हणत आलो. तुझे हात इतके बारीक झाले होते. शांता बाहेर गोळ्या आणायला गेली, खोलीत आपण दोघंच होतो, याहून चांगली वेळ मिळाली नसती. तू मला ओळखत होतास, माझ्या तोंडाकडे पाहत होतास.

"बोला न सर," तू म्हणालास. "काही सांगाले आलते तुम्ही."

"काही नाही रे. तुला पाहायला आलो."

तू डोळे मिटलेस. मला वाटलं झोपलास. मग माझं मनगट धरून म्हणालास, "बरं. बोलीचं बटन काढू नका." त्यानंतर तुझं-माझं बोलणं झालं नाही.

परवा मी तांड्यावर जाऊन आलो. छापायच्या आधी हे सगळं शांताला सांगणं भाग होतं. तिच्यासमोर पलंगावर बसून मी खाली मान घालून सांगितलं, त्या आदल्या दिवसापासून. मला वाटलं ती मला उठून जायला सांगेल. तिनं पदरानं टेबलावरची धूळ पुसली, तेच तुझं टेबल, आणि म्हणाली, "मले माहीत आहे सर. त्याइनं तवाच सांगतलं होतं. मी म्हटलं, जा, विचारा सरायले. पुण्याच्या लोकायले फोन करा. त नाही म्हणे. सर सांगतीन म्हणे आपल्या तोंडानं, आज ना उद्या." मग ती म्हणाली, "दर शनिवारी ते घरी आले की मी विचारत जाओ, सांगतलं काय?"

मला वाटत होतं तू पाळत ठेवायला येतोस. तू वाट पाहायला येत होतास.

आज मी चाडं उघडलं. तुझा तो जुना बदल आहे तिथेच आहे, 'चूक माझी' आणि खाली तुझं नाव. तो बदलायचा म्हटला तर त्याच्या पुढचं सगळं उलटंपालटं करावं लागेल, आपल्या सगळ्या शनिवारांचं काम. ते मी करणार नाही. त्याऐवजी तक्त्यात, तू उतरवून घेतलेल्या नावांच्या वर, मी एक टीप घातली. मजकूर टाकून देणारी ओळ कोणाची होती, बग कोणी सोडवला, आणि नाव चुकीचं कसं पडलं. ज्यानं गाव उठवलं त्यानं सांगितलं, एवढ्या उशिरा.

मग बदलाचं वाक्य लिहायची वेळ आली. नावाच्या जागी मी माझं नाव टाकलं, पाहून टाकलं. वाक्य आधी माझ्या पद्धतीनं लिहिलं, शुद्ध, दवाखान्यात नेलं होतं तेच. ते वाचलं आणि कळलं, हे मला तिथे का म्हणता आलं नाही. पुसलं. नव्यानं लिहिलं. तुझ्यासमोर म्हणायचं राहून गेलं ते हे.

देवा, ते ओळ माही होती. तुही नव्हती. मी तवाच सांगाले पाह्यजे होतं. मले माफ कर लेका.